नवी बॅटरी टाकूनही गाडी चार्ज होत नाही : बिघाड नेमका कसा शोधावा?

पांढरंसोनं (हिंगणघाट)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१४ सालची, १५० सीसीची, कार्ब्युरेटरवर चालणारी मोटारसायकल आहे. सेल्फ आणि किक दोन्ही आहेत. इंजिनाची काही तक्रार नाही, पण बॅटरी टिकत नाही. मागच्या हंगामात नवी टाकली ती उन्हाळ्यातच बसली. दुकानदाराने ती वॉरंटीत बदलून दिली, तर तीही आता पोळ्याच्या सुमारास बसली. हॉर्न घोगरा वाजतो, इंडिकेटर लुकलुकण्याऐवजी मंद पेटून तसाच राहतो आणि सेल्फचे बटण दाबले की सीटखालून नुसता 'कट्' असा आवाज येतो. किक मारली की गाडी सुरू होते आणि मग दिवसभर चालते, त्यामुळे गावात कोणी याला बिघाड मानायलाच तयार नाही. मिस्त्रीचे म्हणणे एकच : "बॅटरी गेली भाऊ, नवीनच टाका लागते."

गाडी रोज पांदणीने शेतात जाते आणि रात्री कोठ्यात उभी असते. भावाने मोटारपंपाच्या स्टार्टरसाठी एक डिजिटल मीटर आणून ठेवला आहे, तो वापरता येईल. पण गाडीवर त्याने काय, कुठे आणि कोणत्या क्रमाने मोजावे हे मला कळत नाही. तिसरी बॅटरी विकत घेण्याआधी जाणकारांनी मार्ग दाखवावा.

तारकाम (दारव्हा)

भाऊ, बॅटरी घेऊ नका, हे आधी सांगतो. वर्षाच्या आत लागोपाठ दोन बॅटऱ्या बसल्या, तर दोन्ही सदोष निघाल्या असतील ही शक्यता फार कमी. कणगीतून रोज दोन पायल्या काढल्या आणि एकच घातली, तर कणगी कितीही नवी असली तरी रिकामी होणारच. भरणे कुठे अडते ते आपल्याला शोधायचे आहे.

व्यवस्था समजली की मोजणे सोपे जाते. इंजिनाच्या डाव्या झाकणाआड क्रँकवर मॅग्नेट फिरते आणि त्याच्या आत कॉईल प्लेट स्थिर असते. तिथे एसी वीज तयार होते आणि आपल्या गाडीत ती बहुधा तीन पिवळ्या तारांनी आरआर युनिटकडे, म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायरकडे जाते. आरआर तिचे डीसी करते आणि व्होल्टेज साधारण साडेचौदाच्या वर जाऊ देत नाही. जास्तीची वीज ते कॉईलच्या तारा आपसात जोडून जिरवते, म्हणूनच त्याच्या अंगावर पंखासारख्या पट्ट्या असतात आणि गाडी चालवून आल्यावर ते हाताला चटका देते. तिथून एक तार फ्यूजमधून बॅटरीच्या धन टोकाकडे जाते आणि दुसरी अर्थला, म्हणजे गाडीच्या चासीला. म्हणजे दोष कॉईलमध्ये असेल, आरआरमध्ये असेल, बॅटरीत असेल, नाहीतर या तिघांना जोडणाऱ्या कपलर (तारा एकमेकींत खोचायचे प्लास्टिकचे सॉकेट), फ्यूज आणि अर्थमध्ये असेल. हे शेवटचे ठिकाण सहसा कोणी उघडून पाहत नाही, कारण तिथे गिऱ्हाइकाला विकण्यासारखा भाग नसतो. माझ्या दुकानात येणाऱ्या गाड्यांचा दोष मात्र बहुतेक वेळा तिथेच निघतो.

आधी बॅटरी बाहेरच्या चार्जरने पूर्ण भरून घ्या, कारण बसलेल्या बॅटरीवर घेतलेली मापे फसवतात. चार्जर काढल्यावर काही तास तिला तशीच राहू द्या आणि मग मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून तिच्या दोन टोकांवर मोजा. १२.६ ते १२.८ आले तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. रात्रभर चार्ज करूनही १०.५ च्या आसपासच राहिली तर तिचा एक सेल मेला आहे आणि तेवढ्यापुरते मिस्त्रीचे म्हणणे खरे. नंतर मीटर तसाच ठेवून सेल्फ मारा. त्या क्षणी आकडा खाली येणारच, पण तो साडेनऊ-दहाच्या खाली जाऊ नये.

आता गाडी सुरू करा. आयडलला (म्हणजे रेस न देता) आकडा थोडा वाढला पाहिजे आणि रेस वाढवून तीन-चार हजार आरपीएमला नेली की बॅटरीच्या टोकांवर १३.५ ते १४.५ दिसले पाहिजे. हेडलाइट लावून पुन्हा तेच मोजा. ही मापे इथे लिहा, पुढचे नंतर सांगतो.

संत्रीबाग (वरुड)

आमच्या गाडीला अगदी हीच लक्षणे होती आणि आरआर बदलल्यावर ती नीट झाली. एवढी मापे घेत बसण्यापेक्षा आरआरच बदलून पाहिले तर काय बिघडते? भाग काही फार महाग नसतो.

तारकाम (दारव्हा)

बिघडते असे की, आरआर बदलताना जुना कपलर उपसला जातो आणि नवा दाबून बसतो, त्या ओढाताणीत सैल पिन काही काळ घट्ट बसते आणि श्रेय नव्या भागाला मिळते. पुढच्या पावसाळ्यात तीच तक्रार परत येते. आपल्या गाडीत खरोखर आरआरच गेले असेलही. मी नाकारत नाही. पण न मोजता ते ठरवता येत नाही, आणि बाजारात मिळणाऱ्या हलक्या प्रतीच्या आरआरने चौदाऐवजी सोळा व्होल्ट सोडले तर बॅटरी आणि बल्ब दोन्ही जातात.

पैनगंगाकाठ (उमरखेड)

आमचे सुट्या भागांचे दुकान आहे, त्यामुळे मीटरबद्दल दोन शब्द लिहिते. स्वस्त मीटरमधला स्वतःचा नऊ व्होल्टचा सेल उतरला की तो खरे असेल त्यापेक्षा जास्त आकडा दाखवू लागतो. अशा मीटरवर बसलेली बॅटरीही 'तेरा व्होल्ट' दिसते आणि गिऱ्हाईक आमच्याशी वाद घालते. म्हणून आधी मीटरमध्ये नवा सेल टाका आणि एखाद्या चांगल्या ट्रॅक्टरच्या किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीवर त्याची खात्री करून घ्या.

पांढरंसोनं (हिंगणघाट)

ताई, आपण सांगितल्याप्रमाणे सेल बदलला. जुना खरेच उतरलेला होता. मापे अशी आली. चार्ज करून रात्रभर ठेवल्यावर बॅटरी १२.७. सेल्फ मारताना १०.८, म्हणजे बॅटरीत अजून जीव आहे. गाडी सुरू केल्यावर आयडलला १२.४. रेस वाढवल्यावर १२.८ आणि हेडलाइट लावला की रेसवरही १२.३. चौदाचे तोंड काही दिसले नाही.

तारकाम (दारव्हा)

चार्जिंग होत नाही हे यावरून सिद्ध झाले. आता कॉईल तपासा. गाडी बंद करून आरआरकडे येणारा तीन पिवळ्या तारांचा कपलर सोडवा. कपलरची दोन्ही तोंडे उजेडात धरून पाहा. एखादी पिन तपकिरी झाली आहे का, तिच्या भोवतीचे प्लास्टिक वितळले आहे का ते मला कळवा.

मग मीटर एसीवर, २०० च्या रेंजवर ठेवा. गाडी सुरू करून कॉईलकडून येणाऱ्या पिवळ्या तारांच्या जोड्या मोजा : पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी आणि पहिली-तिसरी. आयडलला वीसच्या आसपास आणि चार-पाच हजारांच्या रेसला पन्नासच्या पुढे, असे साधारण चित्र असते. नेमका आकडा गाडीगणिक बदलतो. महत्त्वाचे आहे ते तिन्ही जोड्या एकाच रेसला जवळपास सारख्या येणे. दोन जोड्या पन्नास आणि एक तीस दाखवत असेल, तर कॉईलचे वेटोळे आतून जळाले आहे. रेसवर असताना या टोकांना हात लावू नका. झटका जीवघेणा नसला तरी सुखाचाही नसतो.

नंतर गाडी बंद करून मीटर ओहमवर ठेवा आणि प्रत्येक पिवळी तार व इंजिनाची मोकळी धातू यांच्यामध्ये मोजा. तिथे काहीही लागता, म्हणजे मीटरवर जोड दिसता कामा नये. लागले तर कॉईल बॉडीला शॉर्ट आहे. पिवळ्या तारांमधला आपसातला ओहम मोजण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. तो एक ओहमपेक्षाही कमी असतो आणि साध्या मीटरच्या वायरीच तीन-चार दशांश ओहम खातात, त्यामुळे त्या आकड्यावरून चांगली कॉईल वाईट ठरते आणि वाईट कॉईल चांगली ठरते.

आणखी एक. शक्य असेल तर ही मापे गाडी अर्धा तास चालवून आणल्यावर घ्या. कॉईलच्या तारेवरचा लाखेचा थर तडकलेला असेल, तर थंड असताना ती निर्दोष दिसते आणि इंजिन तापल्यावर शॉर्ट होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा हा दोष उघडा पडतो आणि मृग लागला की पुन्हा लपतो.

पांढरंसोनं (हिंगणघाट)

शेतातून आल्या आल्या, इंजिन गरम असतानाच मोजले. रेसवर तिन्ही जोड्या ५८, ५७ आणि ५८. बॉडीला काही लागत नाही. पण कपलर पाहून मीच चकित झालो. तीनपैकी मधली पिन काळपट तपकिरी आहे, तिच्या बाजूचे पांढरे प्लास्टिक पिवळे पडून मेणासारखे ओघळले आहे आणि पिन बोटाने हलते. आरआरच्या पट्ट्यांमध्ये काळी माती अशी लिंपली गेली आहे की पट्ट्या दिसतच नव्हत्या. स्क्रू ड्रायव्हरने खरवडल्यावर खपल्या निघाल्या.

तारकाम (दारव्हा)

सापडले, निदान अर्धे तरी. कॉईल उत्तम आहे. पिन सैल झाली की तिथे रोध वाढतो, त्यामुळे ती तापते, तापल्याने तिची पकड आणखी ढिली होते आणि हे चक्र प्लास्टिक वितळेपर्यंत चालते. तीनपैकी एक फेज, म्हणजे एक पिवळी तार, अशी अर्धवट तुटली की आरआरला पूर्ण वीज मिळतच नाही. पट्ट्यांवरच्या मातीने आरआरला थंड होऊ दिले नाही, ते निराळेच.

ती पिन घासून परत दाबून बसवू नका. जळालेल्या पितळेत पकड उरत नाही. कपलर दोन्ही बाजूंनी कापून नवा बसवा. तारेचे टोक तांबे चकाकेपर्यंत मागे कापा. आत ती काळी पडली असेल तर आणखी मागे जा. पिन चांगल्या क्रिम्पिंग पक्कडने दाबा आणि जोडावर तापवल्यावर आवळणारी स्लीव्ह चढवून गरम करा. नुसती चिकटपट्टी गुंडाळली तर आपल्या उन्हाळ्यात तिचा डिंक वितळून चिकट लगदा होतो आणि पावसाळ्यात त्याच लगद्यात पाणी मुरते.

त्यानंतर बॅटरीवरची तीच मापे पुन्हा घ्या. तरीही चौदा आले नाहीत, तर ड्रॉप मोजू.

खारपाण (दर्यापूर)

कपलरच्या विषयात आमच्या भागाचा अनुभव सांगणे आवश्यक वाटते. आम्ही खारपाणपट्ट्यात राहतो. पूर्णेच्या खोऱ्यातले बोअरचे पाणी खारे आहे आणि लोक त्याच पाण्याने, मोटार लावून, जाड धारेने गाड्या धुतात. धार सीटखाली आणि टाकीखाली शिरते, पाणी वाळते आणि मीठ कपलरमध्ये राहते. ते मीठ हवेतला ओलावा ओढून घेते आणि पिनांवर हिरवट-पांढरा थर धरतो. इकडच्या गाड्यांचे कपलर उघडले की तो थर हमखास दिसतो. शक्य असेल तिथे शेवटचा हात गोड्या पाण्याने मारावा, धार बाजूने आणि हलकी ठेवावी, आणि धुतल्यावर गाडी चालवून गरम करावी. ओल्या गाडीला कोठ्यात ढकलू नये.

खताच्या पोत्यांचेही असेच आहे. युरियाचे पोते टाकी आणि सीटच्या मध्ये आडवे ठेवून आपण सारेच नेतो. पोते फाटके असेल तर दाणे सीटखाली पडतात, ओल धरतात आणि तांब्या-पितळेला खातात. खत वाहून झाले की सीट काढून ब्रशने झाडणे एवढेच पुरते, पण ते होत नाही.

पांढरंसोनं (हिंगणघाट)

नवा कपलर बसवला. फरक पडला, पण पूर्ण नाही. रेसवर हेडलाइट बंद असताना १३.६ आणि चालू असताना १३.२. हे पुरेसे मानावे का?

तारकाम (दारव्हा)

नाही. १३.२ वर बॅटरी जेमतेम जिवंत राहते, ती पूर्ण भरत नाही. आणि अर्धवट भरलेल्या शिशाच्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट होत जातो, जो नंतर चार्जरनेही उतरत नाही. आपल्या पहिल्या दोन बॅटऱ्या अशाच गेल्या असणार.

आता ड्रॉप मोजा. ही चाचणी मिस्त्री लोक सहसा करत नाहीत, आणि मला विचाराल तर साऱ्या चाचण्यांत हीच सर्वांत उपयोगी आहे. गाडी रेसवर, हेडलाइट चालू, मीटर २० व्होल्ट डीसीवर. एक टोक आरआरमधून बाहेर पडणाऱ्या धन तारेच्या पिनेला मागच्या बाजूने टेकवा आणि दुसरे बॅटरीच्या धन टोकाला. कपलर सोडवायचा नाही, वीज वाहत असतानाच मोजायचे. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट वाटेत गळत आहेत. मग तसेच आरआरची अर्थ तार आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यात मोजा. दोन्हीकडे ०.२ च्या आत असावे.

पांढरंसोनं (हिंगणघाट)

धन बाजूला ०.१ आणि ऋण बाजूला ०.८. म्हणजे अर्थ?

तारकाम (दारव्हा)

अर्थच. बेरीज करून पाहा : बॅटरीवर १३.२, वाटेत ०.१ आणि ०.८, म्हणजे आरआर बिचारे १४.१ देतच आहे. ते निर्दोष आहे. हिरवी किंवा काळी अर्थ तार हार्नेसमधून (तारांच्या जुडग्यातून) बाहेर पडून चासीला बोल्टने जिथे आवळलेली असते ते ठिकाण शोधा. बॅटरीपेटीच्या मागे, इग्निशन कॉईलच्या (प्लगला ठिणगी देणाऱ्या) पट्टीजवळ किंवा टाकीखाली ते असते. बोल्ट सोडून गोल टिकली आणि चासी, दोन्ही झिरो नंबरच्या पेपरने पांढरी धातू दिसेपर्यंत घासा. रंगावर अर्थ लागत नाही, हे गाडी रंगवून घेणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे. घासल्यावर बोल्ट घट्ट आवळून वरून व्हॅसलीनचा हात फिरवा. आधी लावू नका.

संत्रीबाग (वरुड)

चार्जिंगचा विषय निघालाच आहे तर माझी अडचण मांडतो. शेतीची वीज पाळीने रात्री येते. विहिरीवर गेलो की गाडी उभी करून हेडलाइट स्टार्टरच्या पेटीवर धरतो, कधी इंजिन चालू ठेवून, कधी पेट्रोल वाचवायला बंद करून. शिवाय बागेच्या जागलीसाठी, रानडुकरांमुळे, हँडलवर वीस-वीस वॅटचे दोन एलईडी फोकस लावले आहेत. आरआर बदलूनही आता पुन्हा सकाळी सेल्फ लागत नाही. कॉईल कमी पडते का?

तारकाम (दारव्हा)

कमी पडते, आणि आपण ती बंद असतानाही तिच्याकडून मागत आहात. हिशेब करा. ३५ वॅटचा हेडलाइट आणि ४० वॅटचे फोकस मिळून ७५ वॅट, म्हणजे सहा अँपियरहून जास्त. बॅटरी समजा ५ अँपियर-तासांची, म्हणजे एक अँपियर पाच तास पुरेल एवढी. इंजिन बंद ठेवून हे सारे अर्धा तास पेटले, तर तिच्यातला निम्म्याहून जास्त साठा गेला आणि सकाळी सेल्फला लागेल एवढा जोर उरत नाही.

इंजिन चालू ठेवल्यानेही काम भागत नाही. छोट्या गाड्यांच्या कॉईलची ताकद साधारण शंभर-दोनशे वॅट असते, पण ती चार-पाच हजार आरपीएमला. आयडलला ती फारच कमी उतरते आणि हेडलाइटच ती खाऊन टाकतो. आयडलवर तासभर उभी असलेली गाडी कित्येकदा चार्ज होण्याऐवजी उतरत असते, याची खात्री बॅटरीवर मीटर लावून कोणीही करू शकतो. स्टार्टरच्या पेटीसाठी खिशातला टॉर्च किंवा कपाळावरचा दिवा घ्या. जागलीचे फोकस गाडीवर ठेवायचेच असतील तर ते रिलेने (मोठा करंट पेलणाऱ्या वेगळ्या स्विचने) आणि स्वतंत्र फ्यूजने जोडा, आणि चावी बंद केली की तेही बंद होतील असे करा. हेडलाइटच्या तारेला टोचून जोडलेले फोकस मी दिसले की काढतो, गिऱ्हाईक रागावले तरी.

एक मात्र कृपा करून करू नका : झटका मशीनची बॅटरी बसली म्हणून गाडीची काढून कुंपणाला लावणे. गाडीची बॅटरी थोडा वेळ मोठा करंट देण्यासाठी केलेली असते. रात्रभर थोडा-थोडा करंट देत पूर्ण रिकामी होणे तिला सोसत नाही.

पैनगंगाकाठ (उमरखेड)

याच्या उलटही होते. फवारणी पंपातली १२ व्होल्ट ८ अँपियर-तासांची बॅटरी काढून लोक मोटारसायकलला लावतात, कारण ती घरात पडलेली असते. तिची टोके पातळ पत्र्याची असतात आणि सेल्फचा करंट ती पेलत नाहीत. पंपाचा चार्जर मात्र गाडीच्या बॅटरीला अडीनडीला चालतो, मग ती बॅटरी ७ किंवा ९ अँपियर-तासांची असेल तर उत्तमच.

चार्जिंगच्या दुकानाबद्दलही सावध करते. लहान बॅटरीला तिच्या क्षमतेच्या दहाव्या भागाएवढा करंट पुरे, म्हणजे ५ अँपियर-तासांच्या बॅटरीला अर्धा अँपियर. गावोगावची चार्जिंगची दुकाने बॅटऱ्या एकापुढे एक ओळीने जोडतात आणि ओळीतल्या प्रत्येक बॅटरीतून तोच करंट जातो. ट्रॅक्टरच्या दोन बॅटऱ्यांच्या मध्ये आपली चिमुकली लावली, तर सात-आठ अँपियर तिच्यातूनही जातात. ती संध्याकाळपर्यंत गरम होऊन फुगते, आणि वरून पाणी न घालावे लागणारी सीलबंद असेल तर तिच्यातून उडालेले पाणी परत भरताही येत नाही. दुकानात बॅटरी ठेवताना 'ही वेगळी लावा' असे सांगून, लावेपर्यंत तिथेच थांबावे.

पाण्याच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. बोअरचे तर नाहीच, आरओचेही नाही. आणि नवी बॅटरी घेताना तिच्यावरचा उत्पादनाचा महिना पाहून घ्यावा. भरलेली बॅटरी गोदामात उन्हाळाभर पडून राहिली की ती आपोआप उतरते, आणि गरमीत हे उतरणे दुप्पट वेगाने होते.

सागवान (आलापल्ली)

माझी गाडी २०२१ ची, इंजेक्शनची (कार्ब्युरेटर नसलेली), किक नसलेली आहे. इकडे रस्त्यात मदत मिळायला वेळ लागतो. बॅटरी उतरली तर धक्का मारून सुरू करावी का, असा प्रश्न आहे. जुनी गाडी तर बॅटरी काढूनही चालायची.

तारकाम (दारव्हा)

ती सवय सोडावी लागेल. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा प्रदूषणाचा नियम लागू झाल्यावर बहुतेक मोटारसायकलींना इंजेक्शन आले. या गाड्यांत पेट्रोलचा पंप आणि ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) दोन्ही बॅटरीवर जागे होतात. चावी फिरवल्यावर टाकीतून पंपाचा 'झूंऽ' असा दोन-तीन सेकंदांचा आवाज येत असेल, तर बॅटरीत थोडा जीव आहे आणि उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये धक्क्याने गाडी सुरू होऊ शकते. तो आवाजच नसेल, तर कितीही ढकलली तरी इंजिनाला पेट्रोल पोचणार नाही. आणि चालू गाडीची बॅटरी कधीही सोडवू नका. बॅटरी हा या व्यवस्थेतला आधार आहे, तो निघाला की व्होल्टेज क्षणात उसळते आणि ईसीयू जळू शकतो. त्याच्या किमतीत अनेक बॅटऱ्या येतात. शिवाय १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर कायम पेटतो, त्यामुळे शेजारच्या गावापर्यंतच्या छोट्या फेऱ्यांत सेल्फने खाल्लेले भरून निघायलाही वेळ लागतो.

ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून सुरू करणे चालते, कारण तीही बारा व्होल्टची असते. फक्त ट्रॅक्टर बंद ठेवावा. आधी धन ते धन जोडा, मग ट्रॅक्टरचे ऋण टोक आपल्या इंजिनाच्या मोकळ्या धातूला लावा, बॅटरीजवळ नको, कारण तिथे ठिणगी पडू नये. गाडी सुरू झाली की उलट क्रमाने काढा.

खारपाण (दर्यापूर)

एक उपप्रश्न. माझ्या भाच्याच्या गाडीचे बल्ब सारखे उडतात आणि बॅटरीतले पाणी महिन्यात आटते. हे जास्त चार्जिंगचे लक्षण का?

तारकाम (दारव्हा)

होय. रेसवर पंधराच्या वर आकडा दिसला की आरआर संशयित. पण काही गाड्यांत आरआरला बॅटरीचे व्होल्टेज 'दाखवणारी' एक वेगळी बारीक तार चावीच्या स्विचमधून येते. स्विचच्या आत गंज असेल तर तिच्यावर खरे असेल त्यापेक्षा कमी व्होल्ट पोचतात, आरआरला बॅटरी उतरलेली वाटते आणि ते चार्जिंग वाढवत राहते. अशा गाडीत त्या तारेवर आणि बॅटरीवर एकाच वेळी मोजावे. दोन्हींत अर्ध्या व्होल्टाहून जास्त फरक असेल तर आधी स्विच स्वच्छ करावा.

पांढरंसोनं (हिंगणघाट)

अर्थ सापडली. बॅटरीपेटीच्या मागच्या बोल्टखाली होती. टिकलीवर तांबूस गंज आणि त्यात चिकटलेली माती. घासून आवळल्यावर ऋण बाजूचा ड्रॉप ०.०५ झाला आणि हेडलाइट लावून रेसवर बॅटरीवर पूर्ण १४.० आले. तीच बसलेली बॅटरी चार्ज करून वापरतो आहे आणि सेल्फ व्यवस्थित लागतो.

एक शंका उरली आहे. गाडी चार-पाच दिवस उभी राहिली की बॅटरी १२.७ वरून १२.३ वर येते. हे बॅटरीच्या जुन्या दुखण्यामुळे का?

तारकाम (दारव्हा)

असू शकते, पण आधी गळती पाहा. चावी बंद, बॅटरीचे ऋण टोक सोडलेले, मीटर १० अँपियरच्या भोकात आणि सोडलेली तार व ऋण टोक यांच्या मध्ये. काही दिसले नाही तर मिलिअँपियरच्या रेंजवर या. या अवस्थेत चावी फिरवू नका आणि सेल्फ तर मुळीच मारू नका, नाहीतर मीटरचा फ्यूज उडेल. आपल्या कार्ब्युरेटरच्या गाडीत हा आकडा जवळपास शून्य असला पाहिजे.

पांढरंसोनं (हिंगणघाट)

२१ मिलिअँपियर. हँडलवर मोबाइल चार्ज करायला लावलेले यूएसबी सॉकेट, ज्यात छोटा व्होल्टमीटर निळा पेटून राहतो, ते थेट बॅटरीवर जोडलेले होते. त्याचा फ्यूज काढला की आकडा शून्य.

तारकाम (दारव्हा)

दिवसाला अर्धा अँपियर-तास जात होता. दहा दिवसांत पूर्ण बॅटरी. ते सॉकेट चावीनंतरच्या तारेवर घ्या. फ्यूज आहे तोच ठेवा. जळाला तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळू नका, कारण मग फ्यूजऐवजी हार्नेस जळते. कोठ्यात गाडी उभी करता तिथे कुटार किंवा सरकी साठवली असेल तर जागा बदला. उंदीर सीटखाली घर करतात आणि सर्वांत आधी त्याच पिवळ्या तारांचे आवरण कुरतडतात, कारण इंजिनाजवळ तिथे ऊब असते. दसऱ्याला गाडी धुवाल तेव्हा आरआरच्या पट्ट्या ब्रशने साफ करा, अर्थचा बोल्ट पुन्हा आवळा आणि नव्या कपलरला हात लावून पाहा. गाडी चालवून आल्यावर तो कोमट असेल तर ठीक, चटका देत असेल तर मला फोटो टाका.